आवाज फुटतो त्या वयात

मे महिन्यातली सकाळ. नगर जिल्ह्यातली एक जुनी मिशन शाळा. परीक्षा आटोपल्या आहेत. वर्गांतले बाक भिंतीला लावून मधल्या जागेत मुलांच्या गाद्या घातल्या आहेत. मुलींची सोय आवारातल्याच दुसऱ्या इमारतीत, शिक्षिकांच्या सोबतीने. पोह्यांचा नाश्ता करून आठवी ते बारावीतली मुले-मुली हॉलमध्ये जमली आहेत. पेटीपाशी बसलेले सर लगेच गायला सांगत नाहीत. ते सगळ्यांना जमिनीवर उताणे झोपवतात आणि पोटावर वही ठेवायला लावतात. श्वास घेतला की वही वर आली पाहिजे आणि सोडताना आठ आकडे मोजून सावकाश खाली गेली पाहिजे. कुणाची वही घसरते, कुणी फिस्सकन हसते. सर थांबतात आणि पुन्हा एकपासून मोजू लागतात. आठाचे बारा होतात, बाराचे सोळा. मग मुले उठून उभी राहतात आणि त्याच श्वासावर आकारात षड्ज लावतात. बाहेर कडुलिंबाखाली दुपारच्या स्वयंपाकाची मेथी निवडणाऱ्या बायका मान वर करून पाहतात, इतका तो सूर भरून येतो.

मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र तोंड मिटून उभा आहे. गेल्या नाताळात तो सगळ्यांत उंच स्वरात गात होता. आता आवाज मध्येच चिरकतो आणि शेजारची मुले वळून बघतात, म्हणून त्याने गाणेच सोडले आहे. सर त्याला पेटीजवळ बोलावतात, खालच्या अंगाचे चार स्वर वाजवून दाखवतात आणि म्हणतात, "बाळा, सध्या एवढ्यातच गायचं. हे चार सूर तुझे. बाकीचे मागून येतील." मुलगा ते चार स्वर गाऊन पाहतो. आवाज चिरकत नाही. दुपारच्या सत्रात तो खर्जातल्या मुलांच्या रांगेत उभा असतो.

ते सर काय करत होते हे समजून घेण्यासारखे आहे. मुलगा वयात येतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडा. हा बदल काही महिने चालतो आणि त्या काळात मुलाला आपल्या गळ्याचा भरवसा राहत नाही. पुष्कळ मुलांचे गाणे इथेच सुटते, ते कायमचे. ज्याला या दिवसांत कुणी त्याच्या पल्ल्यातले चार स्वर काढून दिले, त्याचे गाणे टिकते. आपल्या शाळांमध्ये संगीताचा तास वेळापत्रकात असला तरी नववी-दहावीत तो गणिताला दिला जातो. क्लासला जाऊन शिकण्याची ऐपत सगळ्यांची नसते. अशा वेळी उन्हाळ्याच्या सुटीत, अगदी माफक शुल्कात, खेड्यातल्या मुलामुलींना काही दिवस सलग गाणे आणि नाटक शिकवणारी जागा म्हणून चर्चच्या शिबिरांकडे पाहिले पाहिजे. ख्रिस्ती समाजाबाहेर त्यांची फारशी वार्ता नसते. समाजातही 'पोरं सुटीत चांगल्या वळणाला राहतात' एवढ्यावरच त्यांचे मोल केले जाते. त्यांचे मोल याहून पुष्कळ मोठे आहे, आणि ते पूर्ण वसूल व्हायचे असेल तर शिबिरांना आपल्याच इतिहासातल्या दोन गोष्टी पुन्हा हाती घ्याव्या लागतील, असे मला वाटते. हा लेख त्यासाठी आहे.

सुटीतली शाळा

एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत महाराष्ट्रात आणि गोव्यात अशी शिबिरे भरतात. लहान मुलांसाठी 'व्हीबीएस', म्हणजे सुटीतली बायबल शाळा. ती गावच्या चर्चमध्येच सकाळी दोन-तीन तास चालते. तिथे अभिनयगीते असतात, चित्रे असतात, गोष्टी असतात. किशोरवयीन मुलांसाठी निवासी शिबिर. प्रोटेस्टंट मंडळ्यांत त्याला युवा शिबिर म्हणतात, कॅथलिक धर्मग्रामांत यूथ कॅम्प. कुणी मिशन शाळेच्या आवारात भरवते, कुणी लोणावळा, पाचगणी, देवळालीसारख्या थंड जागी एखाद्या साधनागृहात. दिवसाचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच: पहाटे शांतवेळ, मग बायबलचा अभ्यास, मग गाणे, जेवणानंतर नाटकाची तालीम, संध्याकाळी खेळ, रात्री शेकोटी. शेवटच्या दिवशी आईवडील आणि मंडळीचे लोक येतात आणि मुले आपला कार्यक्रम सादर करतात.

ही रचना कुठून आली याचा माग काढला तर दोन वाटा सापडतात. एक न्यूयॉर्कची. १८९८ मध्ये तिथल्या ईस्ट साइड भागात हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी एक बिअर हॉल भाड्याने घेतला आणि त्यात रोजची शाळा चालवली. गाणी, गोष्टी, हातकाम असा तिचा क्रम होता. १९०१ मध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याच कल्पनेवर शहरातल्या चर्चमध्ये अशा शाळा सुरू केल्या. सुटीत मुले मोकळी आणि चर्चच्या इमारती रिकाम्या, या दोन्हींची सांगड त्यांनी घातली. हीच ती व्हीबीएस.

दुसरी वाट इटलीतल्या तुरिनची. डॉन बॉस्को या पाद्रीबाबांनी कारखान्यांच्या शहरात आलेल्या गरीब, अनाथ पोरांसाठी जे घर चालवले, त्यात बँड होता, गायनवृंद होता आणि छोटेखानी रंगमंचही होता. या रंगमंचासाठी त्यांनी १८५८ मध्ये स्वतः नियमावली लिहिली. नाटकाने मुलांना हसवावे, शिकवावे आणि वळण लावावे, असा तिचा रोख. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या सलेशियन संघाच्या शाळा मुंबईत आल्या, तेव्हा बँड आणि नाटक त्यांच्याबरोबरच आले. न्यूयॉर्कच्या बाईंनी आणि तुरिनच्या पाद्रीबाबांनी ओळखलेली गोष्ट एकच होती. या वयातल्या मुलांना नुसते बसवून उपदेश केला तर तो टिकत नाही. त्यांच्या हातात वाद्य द्यावे लागते, अंगावर भूमिका द्यावी लागते.

पण आपल्याकडे हे त्याही आधीपासून चालत होते, आणि दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी. एक गोव्यात, एक नगरला.

गोव्याची गायनशाळा

सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगाव चर्चला जोडून शाळा सुरू झाल्या. त्यांना धर्मग्रामाच्या शाळा म्हणत. तिथे धर्मशिक्षण आणि वाचन-लेखन होतेच, पण कणा होता तो संगीताचा. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, गाणारे आणि व्हायोलिन वाजवणारे गावातूनच तयार व्हायला हवे होते, म्हणून चर्चचा गायनगुरू, ज्याला गोव्यात मेस्त म्हणत, गावातल्या पोरांना शिकवायला बसायचा. त्याची शिस्त कडक होती. पोराच्या हातात व्हायोलिन लगेच मिळत नसे. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वरलेखन पाहून तोंडाने स्वर म्हणणे आणि हाताने ताल दाखवणे. हे महिनोन् महिने चालायचे. न पाहिलेला कागद समोर ठेवला तर तो वाचून थेट गाता आला पाहिजे, एवढी तयारी झाली की मग वाद्य.

या शिस्तीचे फळ कुठे दिसले, तर मुंबईच्या सिनेमा स्टुडिओत. बोलपट आले, वाद्यवृंद मोठे झाले, तेव्हा स्वरलेखन वाचू शकणारे आणि लिहू शकणारे वादक हवे होते. संगीतकार चाल बांधायचा, पण वीस-तीस व्हायोलिनांनी काय वाजवायचे, ट्रंपेट कुठे यायचा, चालीच्या खालून दुसरा स्वर कसा वाहायचा, हे कागदावर मांडणारे अनेकदा गोव्याचे असत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या चालींना जाझचा झणझणीतपणा देणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनिओ शावियेर वाझ, हळदोण्याचे. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांचे वडील गावच्या चर्चचे गायनगुरू होते. मुलगा त्याच वातावरणात व्हायोलिन शिकला, मुंबईला आला, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागला आणि पुढे शिकवूही लागला. संगीतकार प्यारेलाल त्यांचेच शिष्य. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारी मैफल उभी केली, तिच्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन म्हणून.

नाटकाचेही तसेच. गोव्याचा तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिल्यांदा उभा राहिला. 'इतालियन भुरगो' हे त्याचे नाव. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकरांनी तो उभा केला, आणि आजही तियात्राच्या पडद्यांच्या मधून कांतारां, म्हणजे गाणी, गायली जातात. गाणे आणि नाटक वेगळे करता येत नाही, हे तियात्र शिकवतो. कितीतरी तियात्रिस्तांना पहिला रंगमंच मिळाला तो आपल्या वाड्यावरच्या फेस्ताला.

विसाव्या शतकात धर्मग्रामाच्या गायनशाळा ओसरत गेल्या. पण त्यांचा धडा स्पष्ट आहे. मेस्ताने पोरांकडून मिस्सेपुरती चार भजने-स्तोत्रे पाठ करून घेतली असती, तर काम भागले असते. त्याने संगीताची लिपी शिकवली. म्हणून ती पोरे चर्चच्या गॅलरीतून उतरून जगात कुठेही वाजवू शकली.

नगरचे कीर्तन

दुसरी परंपरा आपल्या अधिक जवळची आहे, आणि तिचा उगमही गोव्यातच सापडतो. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. इथल्या लोकांना पुराण ऐकायची आणि गायची सवय आहे, हे त्यांनी ओळखले. बायबलची कथा त्यांनी मराठीत, ओवी छंदात, दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचली. १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले आणि पुढे चर्चमध्ये, विशेषतः उपवासकाळात, ते गायले जाऊ लागले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी घातली आणि ही वाट बुजत गेली.

दोन शतकांनी ती पुन्हा उघडली, देशावर. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरला होते. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तिथूनच निघाले. मिशनऱ्यांनी आपल्या स्तोत्रांची मराठी भाषांतरे केली, चाली इंग्रजीच ठेवल्या. त्या चाली एका ठरावीक मापाच्या. त्यात मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व अक्षर लांबणीवर पडते आणि दीर्घ अक्षर घाईने उरकावे लागते. गाणाऱ्याचा जीव चालीत रमत नाही. हे जाणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घातली. हरिदासांचे कीर्तन जसे असते तसेच: नमन, मूळपद, पूर्वरंगात निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात आख्यान. पदे, साक्या, दिंड्या, आर्या, सगळा सरंजाम मराठी. आख्यान मात्र येशूच्या एखाद्या दाखल्याचे, नाहीतर योसेफ आणि त्याच्या भावांचे.

मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते मराठीतले नावाजलेले कवी होते. ख्रिस्ती होताना त्यांनी आपली भाषा, आपले छंद आणि संतांचे ऋण मागे टाकले नाही. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, आणि ती मराठी मंडळ्यांच्या ओठी बसली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. १९१२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१९ पर्यंत, ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांत मराठी माणसाचा श्वास बरोबर मावतो, हे ज्याने रचना केली आहे त्याला कळते. टिळकांना ते कळत होते. ती गाणी टाळ-मृदंगावर म्हटली की खेड्यातली म्हातारी माणसेही ताल धरतात. त्यांना ते संगीत कुणी शिकवावे लागत नाही.

आजही नगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांत ख्रिस्ती भजनी मंडळे आहेत. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला ती टाळ-पखवाज घेऊन येतात. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली, तेव्हा पेटी-तबला वेदीच्या शेजारी आला. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय रागांत भजने बांधली आणि बायबलवर नृत्यनाट्ये उभी केली. एवढी ठेव जमा असताना आजच्या शिबिरात मुलांच्या हाती काय पडते?

चार आवाज, चार दिवस

खरे सांगायचे तर हाती पडते ते बहुतेक वेळा कीबोर्ड, गिटार, ड्रम पॅड आणि मोबाइलवर ऐकलेली हिंदी-इंग्रजी गाणी. मुलांना ती आवडतात, आणि त्यात काही गैर नाही. तीन कॉर्डवर चालणारे गाणे पोरगा दोन दिवसांत वाजवू लागतो, मंडळीपुढे उभे राहण्याचा धीर येतो. पण शिबिर तिथेच थांबले तर मुलगा फक्त ते एक गाणे शिकून घरी जातो.

चांगले शिबिर काय करते, ते सुरुवातीला सांगितलेल्या हॉलमध्ये पाहता आले. पहिल्या दिवशी सगळे एका सुरात. दुसऱ्या दिवशी तेच गाणे दोन गटांनी एकामागून एक सुरू करायचे, म्हणजे एक गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा पहिल्या ओळीवर. आपला सूर धरून ठेवत शेजारच्याचा ऐकायचा, ही सवय इथे लागते. तिसऱ्या दिवशी मुलींना वरचा आणि मधला असे दोन आवाज. चौथ्या दिवशी मुलांचे दोन आवाज, त्यात ज्यांचा आवाज फुटतो आहे त्यांच्यासाठी चार-पाच स्वरांतच फिरणारी ओळ. सर सरगमही लिहीत होते आणि पाच रेघांवरचे स्वरलेखनही. फळ्यावर एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, दोन्हींत तीच ओळ. कुणी विचारले, दोन्ही कशाला? सर म्हणाले, "एक आपल्या घरचं, एक दुनियेचं. दोन्ही दारं उघडी असू द्यात."

चौथ्या दिवशी चार आवाज एकत्र लागले तेव्हा एक मुलगी मधेच गायची थांबली. तिला विचारले तर म्हणाली, "सर, मला वाटलं मशीनवर वाजतंय." आपल्याच गळ्यांतून असा आवाज निघू शकतो, यावर तिचा विश्वास बसेना. चार आवाजांच्या गाण्यात प्रत्येकाची ओळ वेगळी असते. एकाने सोडली तर भोक पडते आणि ते सगळ्यांना ऐकू येते. आपण नसलो तर अडते, असा अनुभव या वयातल्या मुलांना शाळेत क्वचित मिळतो, घरीही क्वचित मिळतो.

वाटणीचे नाटक

दुपारच्या तालमीला लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला होता. धाकटा मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो, घेऊन दूर देशी जातो, उधळतो, उपाशी मरायला लागतो, परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी देतो. थोरला रुसतो. नाटक बसवणाऱ्या ताईंनी संहिता दिली नाही. गोष्ट सांगितली, पाच गट पाडले आणि सांगितले, ही गोष्ट तुमच्या गावात घडवा.

मुलांनी ती नगर जिल्ह्यातच घडवली. धाकट्याने बापाकडे सातबाऱ्यावर नाव लावून मागितले. बापाने चार एकर ऊस त्याच्या नावे केला, त्याने तो विकून पुणे गाठले. हॉटेलात पैसे उडवले, मोटारसायकल घेतली, मित्र गोळा झाले आणि पैसे संपल्यावर गेले. मूळ दाखल्यातल्यासारखी दूर देशी डुकरे चारण्याऐवजी तो एका इमारतीच्या बांधकामावर विटा उचलू लागला. परत आला तेव्हा बापाची भूमिका करणारा मुलगा धावला. ताईंनी तालीम थांबवली. "तुमच्या गावात म्हातारा माणूस असा धावतो का?" मुले म्हणाली, नाही. "मग हा का धावला?" थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "कारण तो उंबऱ्यात नसेल बसला. रोज फाट्यापर्यंत येऊन बघत असेल." पुढच्या वेळी बाप घराच्या दारात नव्हता. फाट्यावर उभा होता, आणि धावणे खरे वाटले.

मोठा वाद मात्र थोरल्या भावावरून झाला. ती भूमिका कुणालाच नको होती. शेवटी एका शांत मुलाने घेतली. त्याने अंगणात येऊन बापाला विचारले, माझे काय चुकले? मी रोज बैल सोडले, रात्रीची पाळी धरून पाणी दिले, कर्जाचा हप्ता भरला. वाटणीत मला काय आले? कुणाकडे उत्तर नव्हते. ताईंनीही दिले नाही. सादरीकरणाच्या दिवशी समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या बायका त्या संवादाला पदराने डोळे पुसत होत्या. बायबलमध्ये ही गोष्ट थोरला आत गेला की नाही, हे न सांगताच संपते. मुलांनीही ती तशीच सोडली. त्या वाक्यांना कुणाची संहिता नव्हती. ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी आपल्या घरात ऐकलेल्या गोष्टींतून आणली होती. दाखला म्हणजे काय, हे त्यांना त्या दुपारी कळले, आणि नाटक म्हणजे काय हेही.

शेकोटीच्या रात्री

शिबिराचे कौतुक करताना एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. निवासी शिबिरात मुले घरापासून दूर, कमी झोपलेली, भावनेने भरलेली असतात. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती हळू चालीचे गाणे सुरू असताना मुलांना हात वर करायला, पुढे यायला, जीवन समर्पित करायला सांगितले जाते. संगीताचे बळ मोठे असते. ते ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर जबाबदारीही तेवढीच मोठी असते. त्या क्षणी रडणारे प्रत्येक मूल बदललेले असते असे नाही. पुष्कळदा ते थकलेले असते, आणि शेजारचे रडते म्हणून रडते. ज्या शिक्षकाने दिवसभर मुलांना श्वास मोजायला, सूर धरायला, दुसऱ्याचे ऐकायला शिकवले, त्याने रात्री त्याच सुरांनी त्यांना ढकलू नये. मुलांचा विश्वास मोकळ्या मनाने वाढू द्यावा. शिबिरे चालवणाऱ्या अनेक वडीलधाऱ्यांनाही हे पटते, आणि काही ठिकाणी शेवटची रात्र आता फक्त गाण्यांची आणि आभाराची असते. हा बदल सगळीकडे व्हायला हवा.

सुरक्षेचेही तसेच. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अल्पवयीन मुलांबाबतची जबाबदारी सगळ्या संस्थांवर स्पष्ट केली आहे. मुलांमुलींची वेगळी सोय, एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस बंद खोलीत नसणे, तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगणे, हे नियम लेखी असावेत आणि पालकांना दाखवले जावेत. आणि जिथे शेजारची, इतर धर्मांची मुले मैत्रीपोटी येतात, तिथे त्यांच्या आईवडिलांची लेखी संमती आणि शिबिरात काय शिकवले जाणार याची पूर्ण माहिती, यात कसूर नको. उघडपणे चाललेल्या कामाला भिण्याचे कारण नसते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या मनातली शंकाही टिकत नाही.

आता करायचे काम

गोव्याच्या मेस्तांनी लिपी शिकवली. नगरच्या कीर्तनकारांनी घरची परंपरा सोडली नाही. आजच्या शिबिराकडे मुले आहेत, आठवडाभराचा सलग वेळ आहे, आवार आहे, स्वयंपाकाला मंडळीच्या बायका आहेत. एवढे भांडवल महाराष्ट्रातल्या किती संगीत शाळांकडे आहे? ते खर्चून मुलांच्या हाती फक्त तीन गाणी द्यायची, हे मला पटत नाही.

पहिली गोष्ट, स्वरलेखन. पाश्चात्त्य किंवा भातखंड्यांची, कोणतीही एक पद्धत प्रत्येक मुलाला वाचता आली पाहिजे. पाच-सहा दिवसांत पूर्ण येणार नाही, पण पाया घालता येतो, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा आला की वरचा मजला चढवता येतो. त्यासाठी शिबिरांनी दरवर्षी नव्याने सुरुवात करणे थांबवून तीन वर्षांचा क्रम आखावा.

दुसरी गोष्ट, कीर्तन. गाणे आणि नाटक शिकवणाऱ्या शिबिराला कीर्तनाहून चांगला अभ्यासक्रम मिळणार नाही. कारण कीर्तनकार एकाच वेळी गायक, कथेकरी आणि सगळी पात्रे असतो. त्याला पट्टी सांभाळावी लागते, तालात बोलावे लागते, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून आख्यान लांबवावे किंवा आवरावे लागते. साथीला पेटी, तबला, टाळ पुरतात. वीज गेली तरी कार्यक्रम अडत नाही. रोज एक तास दिला तर आठवड्याच्या शेवटी एखादी मुलगी दहा मिनिटांचे आख्यान उभी राहून सांगू शकते. मुलगी मुद्दाम म्हटले. कारण कीर्तनाच्या चौरंगापुढे मुलींना उभे करण्यात आपण सगळेच मागे आहोत.

उरला प्रश्न शिक्षकांचा. नगर, जालना, वसईच्या भागांत जुने ख्रिस्ती कीर्तनकार आणि भजनी बुवा अजून आहेत. त्यांच्याकडे शेकडो पदे आणि चाली पाठ आहेत, कागदावर थोड्याच. त्यांचे वय झाले आहे. शिबिराच्या निमंत्रणपत्रिकेत पाहुणे वक्ते असतात, बँड असतो. त्यात एक नाव अशा बुवांचे असावे, त्यांना योग्य मानधन मिळावे, आणि मुलांनी त्यांच्या चाली स्वरलेखनात उतरवून घ्याव्यात. अशा प्रत्येक शिबिरातून काही चाली वाचल्या, तरी दहा वर्षांत एक संग्रह उभा राहील, आणि तो मुलांनीच केलेला असेल.

हे काम एकट्या चर्चचेही नाही. गावातल्या हरिदासी कीर्तनकाराने एक दिवस येऊन पूर्वरंग कसा बांधायचा ते सांगावे. शहरातल्या नाट्यसंस्थेने आपला एक प्रशिक्षित तरुण पाठवावा. टिळकांची कविता मराठी पाठ्यपुस्तकांनी जपली, तशीच त्यांच्या गाण्यांची गायकी मराठी संगीताने आपली म्हणावी. बायबलची गोष्ट ओवीत सांगणारा परदेशी पाद्री आणि अभंगात सांगणारा मराठी कवी, दोघांनीही या मातीतल्या छंदांवर विश्वास ठेवला, आणि त्या छंदांनी त्यांना कधी परके मानले नाही. पुढच्या मे महिन्यात आपल्या जवळच्या मिशन शाळेत शिबिर भरेल, तेव्हा शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाला जाऊन बसावे, आणि गाणाऱ्या मुलांना विचारावे की पुढच्या वर्षी तुम्हाला काय शिकायचे आहे. तिथे जाणाऱ्याच्या हातून त्यांच्या शिकण्याला काहीतरी मदत होईल, याची मला खात्री आहे.